सेकंदाला एक अब्ज नमुने

लॅमिंग्टन रोड, दुसरा मजला.
धनसुखभाईंच्या काउंटरवर तीन स्कोप मांडलेले.
हा माझा चौथा शनिवार.
खिशात चिठ्ठी : बँडविड्थ, चॅनेल, मेमरी, भाव,
आणि खाली बायकोच्या अक्षरात : जिरं, अर्धा किलो गूळ.

पन्नास मेगाहर्ट्झ पुरे, म्हणतात धनसुखभाई,
तुम्ही काय रॉकेट सोडणार आहात?
नाही हो. एक ॲम्प्लिफायर आहे, गुणगुणतो.
दोन वर्षं मल्टिमीटर सांगतोय, सगळं ठीक.
त्याचा स्वभावच तो. सरासरी सांगतो.

कोपऱ्यात एक जुना, नळीवाला, पोत्यासारखा जड.
भायखळ्याला लोबो सरांकडे असाच होता :
हिरवा ठिपका धावायचा, मागे उजेड रेंगाळायचा,
आणि नॉबला हात लावला की बोटांवर डस्टर.
आता लावतो. कोणी मारत नाही.
शोभेचा आहे तो, म्हणतात धनसुखभाई.

मग काउंटरमागची नझमीन
स्वस्तातल्या स्कोपला जनरेटर जोडते.
"काका, आता बघा," टाइमबेस फिरवते.
लाट येते. संथ, गोल, सुरेख.
"ही नाहीये."
म्हणजे?
"खरी लाट हजारपट जोरात थरथरतेय.
हा बघतो मधूनमधून,
हाती लागतील ते ठिपके जोडतो.
कमी वेळा बघितलं ना, की खोटी दिसते.
आणि खोटी कशी, शांत असते."

मला उल्हासनगरचा विश्राम आठवला, धाकटा.
दर भाऊबीजेला ताईकडे भेटायचा,
इस्त्रीचा शर्ट, हातात सुतरफेणीचा डबा.
मजेत ना? मजेत.
तीन वर्षं, तीन ठिपके. मी जोडले.
मधल्या मधे त्याची नोकरी गेली,
मग झेरॉक्सचं दुकान,
मग झोप.
परवा कळलं, तेही तिसऱ्याच कुणाकडून.

शंभर मेगाहर्ट्झचा घेतला. दोन चॅनेल पुरे.
तीनशे उतरवले, नझमीनने एक प्रोब जादा दिला,
आणि मी हट्टाने बिलावर लिहून घेतलं :
सेकंदाला एक अब्ज नमुने.
बायको म्हणाली, घरात एक होताच की.
गूळ विसरलो होतो.

ॲम्प्लिफायर अजून उघडलेला नाही.
मंगळवारी विश्रामला फोन केला.
काही विशेष नाही, म्हणाला. मजेत.
बुधवारी परत केला.
गुरुवारी तो बराच वेळ गप्प राहिला.
मी फोन ठेवला नाही.