फळीवर मावतील इतकीच

मार्च सरता सरता डुलुथच्या बंदरातला बर्फ फुटायला लागतो,
रात्रभर कुणी कपाटं सरकवतंय तसा आवाज,
आणि सकाळी रेइनो काल्लिओ दुकानात येतो,
टोपीला डिझेलचा आणि तळलेल्या कांद्याचा वास.

खनिजाच्या बोटीवर आचारी आहे तो.
एकवीस पोटं, दिवसातून तीनदा, थेट जानेवारीपर्यंत.
बंकशेजारच्या फळीवर सात पुस्तकं मावतात.
आठवं ठेवलं तर पहिल्याच वादळात तोंडावर पडतं;
पुरावा म्हणून तो नाकावरची खूण दाखवतो.

मागच्या भिंतीला, गळक्या पाइपाच्या जरा अलीकडे,
'राखेचं आरमार' उभं आहे:
दोनशे चौदा कादंबऱ्या, एकोणचाळीस लेखक,
नऊशे वर्षांचं एक युद्ध,
जे संपवायचं कुणाच्याच करारात नाही.

सुरुवात कुठून करू, विचारतात सगळे.
शाळकरी पोरं म्हणतात, छापली त्या क्रमानं.
निवृत्त भूमापक हाल्व्हर्सन म्हणतात, घडलं त्या क्रमानं;
त्यांनी तक्ता केलाय, घडीचा, माझ्या टेबलावर मावत नाही,
त्यात एक राणी जन्माआधीच दोनदा मरते.
मी म्हणते, एकोणिसावी घ्या,
लिहिणारी रात्रपाळीची नर्स होती,
तिची माणसं दमतात.
तीस ते चव्वेचाळीस सोडा. सोडाच.
एकशे सातवी उत्तम, माझ्या प्रतीत शेवटचं पान नाही,
तरी घ्या.

रेइनो यातलं काहीच ऐकत नाही.
उकिडवा बसतो, पुस्तक मधूनच उघडतो,
ओळींवरून बोट फिरवतो
वाटाण्यातला खडा शोधावा तसं.
बारा वर्षं मला वाटायचं, लढाया शोधतोय.

यंदा विचारलं.
लाजला. म्हणाला, आचारी.

'संयम' नावाच्या युद्धनौकेवर
ओदो तुल नावाचा एक आचारी आहे.
सहाव्या कादंबरीत तो फक्त अर्धी ओळ:
'कुणीतरी कॉफी ठेवून गेलं.'
एकविसाव्यात नाव मिळालं.
अठ्ठ्याहत्तरात डावखुरा, एकशे तिनात उजवा,
एकशे पन्नासात त्याला एक मुलगी होती,
पुढच्या लेखकाला ती माहीत नव्हती.
नौका चारदा फुटली. कप्तान सतरा गेले.
एकोणचाळीस जणांपैकी एकालाही
त्याला मारायचं सुचलं नाही;
मारायला आधी आठवावं लागतं.
एवढ्या युद्धात वाचला तो एकटा.

म्हणून मी वाचतो, म्हणाला रेइनो,
आणि पुढचं पुस्तक उघडलं.

मग मीही चष्मा पुसून जमिनीवर बसले.
हाल्व्हर्सननी तक्ता अंथरला,
पेन्सिलीनं आचाऱ्याची एक रेघ ओढली,
राण्यांच्या खालून, सगळ्या स्फोटांतून, सलग.
पाचपर्यंत सहा सापडली.
सातवं सापडेना.

एकशे ब्याऐंशीत, मोठ्या लढाईनंतर,
मला एक ओळ दिसली:
'भटारखान्यात दिवा अजून चालू होता.'
बास, नाव नाही.
हाल्व्हर्सन म्हणाले, हा पुरावा नव्हे,
दिवा कुणीही विसरतं.
रेइनोनं पुस्तक मिटलं, साडेचार डॉलर मोजले.
इंधन संपत आलेल्या बोटीवर, म्हणाला,
दिवा कुणी विसरत नाही.
सूप चढवलं असणार त्यानं.

शनिवारी पूल वर गेला, बोट खालून निघाली,
भोंग्यानं माझ्या काचा थरथरल्या.
भिंतीवर सात पुस्तकांची खिंडारं आहेत,
शेजारची पुस्तकं त्यांत कलंडलीयत.
सरळ करायला गेले
आणि एकशे त्र्याऐंशीवी हातात आली.
गिऱ्हाईक नव्हतं. मधूनच उघडली.
पान एकतीस. कप्तान ओरडतोय, तोफा तापल्यात,
आणि परिच्छेदाच्या तळाशी
कुणीतरी ताटं मोजतंय.