वीतभर

जमिनीत पुरलेला लोखंडी कंटेनर,
त्याला पाणवठ्याच्या पातळीवर एक आडवी फट.
आत मी, वाकेशो, कोमट पाण्याचा कॅन
आणि एक पाल, आमच्या आधीपासूनची.

"आता बोलू नकोस," वाकेशो म्हणाली.
मी बोलतच नव्हते.

आधी पाय आले.
इतक्या जवळून हत्ती येतच नाही.
येतात ती नखं, घोट्यावरच्या सुरकुत्या,
वाळल्या चिखलाची खपली
आणि पोटातली एक घरघर,
जी कानाच्या आधी लोखंडाला कळते.
मोठी लेन्स निकामी. फ्रेमभर नुसती कातडी,
त्सावोच्या मातीनं विटेसारखी लाल.
धाकटी लेन्स चढवताना झाकण निसटलं.
टण्ण.
सगळे पाय जागच्या जागी.

फटीतून एक सोंड आत आली,
माझ्या मनगटावर ओला श्वास सोडून
परत गेली.
माझा फोटो तिनं घेतला, असं लिहिता येईल.
लिहिणार नाही. तिला फोटो नको होता,
तिला फक्त कळायला हवं होतं, आत कोण आहे.

मग ती आली.
वाकेशोच्या वहीत तिचा डावा कान आहे, पेन्सिलीनं काढलेला:
दोन खाचा, एक भोक,
खाली तारीख, तारेच्या फासाची.
सोंडेचं टोक त्यात गेलं. वीतभर.

बाकीच्या उभ्यानं पीत होत्या.
ती पुढचे गुडघे मोडून बसली,
तोंड पाण्याशी नेलं.
शेजारणीनं न बघता जरा जागा दिली.
मी बोट दाबून धरलं.
सेकंदाला वीस.

रात्री वोईला, जनरेटर बंद व्हायच्या आत,
आधी मागची रेल्वे काढली. पुलाचा एकेक खांब,
दात उपटावेत तसा.
मग काठावरचं फुटकं प्लास्टिक.
मग लाल रंग उतरवला;
नैरोबीहून ओडुंडोचा निरोप होता,
कॅलेंडरवाल्यांना हत्ती हत्तीच्या रंगाचा हवा.
मग सोंड.
शेजारणीचं टोक उसनं घेतलं,
फिरवलं, वाकवलं, जोडलं.
शिवण दिसेना.
खरं सांगते, हात थरथरला वगैरे नाही.
मजा आली.

सकाळी वाकेशो चहा घेऊन आली.
"ही कोण?"
कान बघ, म्हटलं.
तिनं कान बघितला. दोन खाचा, एक भोक.
मग बराच वेळ सोंड.
"मग गुडघे का टेकलेत हिनं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ओडुंडोकडे होतं, त्यानं ओळसुद्धा पाठवली होती,
पाण्यापुढे नतमस्तक, की असलंच काही.

वाकेशो रागावली नाही. रागावली असती तर बरं.
चहात साखर ढवळत राहिली, साखर कधीच विरघळलेली.
"बेशुद्ध हत्तिणीच्या सोंडेच्या टोकात
काटकी घालून ठेवायची असते,
श्वासाची वाट मिटू नये म्हणून.
डॉक्टर तार कापत होता.
काटकी मी धरली होती.
जिथे तू हे नवीन लावलंयस, त्याच्या जरा वर."

तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं नाही.
हवेतच दाखवलं.

ती गेल्यावर मी एकेक पायरी मागे गेले.
सोंड तुटली.
लाल माती अंगावर परत आली.
प्लास्टिक आलं, काठावर, होतं तिथे.
हत्ती जातो आणि शेपूट अडकतं म्हणतात,
तशी ती रेल्वे.
पुलाशिवाय ते आभाळ फार सुंदर दिसतं.

फाइल अजून उघडी आहे.
ओडुंडोचे तीन फोन येऊन गेले.