नंबराआधी दोन

फॉर्मवर विचारलं होतं : घरगुती की व्यावसायिक.
मी घरगुतीवर खूण केली,
आणि ते अगदीच खोटं नव्हतं.
बिबवेवाडीतल्या दीड खोलीत
फोन तांदळाच्या डब्यावर,
डब्याला टेकून पोती,
पोत्यांत रबराच्या रिंगा :
करंगळीत बसणाऱ्यापासून ताटाएवढ्या.

भोसरीची कंपनी बंद पडल्यावर
हे लुनावर नमुने घेऊन हिंडायचे,
चाकण, शिरवळ, पार कुरकुंभपर्यंत.
ऑफिस म्हणजे मी.
‘नमस्कार, अभय रबर.’
हा आवाज मी मोरीत घोटला,
नळ सोडून, आठवडाभर.
थोडा नाकातला, थोडा घाईचा,
जणू मागे चारपाच माणसं टाइप करतायत.
मागे खरं तर कुकर.
घंटी वाजली की थोरली गॅस बंद करायची,
धाकटा तोंडातला पाढा तसाच धरून ठेवायचा,
सत्ते पाचा...
‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, म्हणजे अंघोळीला.
‘पर्चेसला विचारून सांगते’, म्हणजे
रिसीव्हर पदरात दाबून
मी वीसपर्यंत आकडे मोजायची.

एकदा लाइनमन आला. पोत्यात डोकावला.
म्हटलं, बांगड्या आहेत, मुलीच्या.
‘सगळ्या काळ्या?’
मी काय बोलणार.
तार जोडून दिली त्याने, चहा घेतला,
आणि जाताना एक बांगडी मागून नेली,
घरच्या पंपाला बसते का बघायला.

मग सगळ्या पुण्याचे नंबर वाढले.
पाचशे कार्डं नुकती छापून आलेली.
रात्री चौघं गोल बसलो,
प्रत्येक कार्डावर, नंबराआधी, पेनाने दोन.
धाकट्याचे दोन उलटे पडले,
ती कार्डं ह्यांनी हडपसरच्या बाजूला वाटली.
का, ते विचारलं नाही.

आक्काशी सात वर्षं बोलणं नव्हतं.
आईच्या पाटल्या. जाऊ दे.
त्या दुपारी फोन वाजला,
आधी खरखर, मग कुणाचा तरी श्वास.
मी म्हटलं, नमस्कार, अभय रबर.
पलीकडे जरा थांबून,
‘माफ करा हं. मला घर पाहिजे होतं.’
आणि कट.

तो ‘हं’.
मिरजेच्या स्वयंपाकघरात
आई दूध उतू जाताना ओढायची तसा.
रिसीव्हर हातात राहिला,
थोरलीने विचारलं, किती नगांची ऑर्डर?

अकरा वाजायची वाट पाहिली,
तेव्हा रात्री अकरानंतर पाव दर.
मीच लावला.
‘आक्का, केला होतास?’
‘मी? छे गं. मी कशाला करू.’
मग दोघी गप्प.
पाव दरात परवडेल तेवढं गप्प.
शेवटी म्हणाली, ‘कुणाला फोन लागला
तर बाई अशी का बोलतेस, दातात टाचणी धरल्यासारखी?’
मी म्हटलं, सवय.

आता नऱ्ह्याला शेड आहे.
फोनवर एक मुलगी बसते,
तिला एकच आवाज आहे आणि तो बरा आहे.
इथला डबा गेला, तार राहिली.
पोरं म्हणतात, काढून टाक, फुकटचं भाडं.
दिवसातून एकदा वाजतो,
कुणीतरी कर्ज देऊ बघतं.
मी उचलते आणि नुसतं म्हणते, ‘बोल.’
पोरगं बिचारं गडबडतं.

परवा भाजी निवडताना एकाएकी कळलं :
आक्काकडे जुना नंबर होता.
जुन्यावर लावला की एक बाई सांगायची,
नंबराआधी दोन लावा.
म्हणजे तिने आधी एकदा लावला,
त्या बाईचं ऐकून घेतलं,
ठेवला नाही, की ठेवलाही असेल थोडा वेळ,
आणि मग पुन्हा सगळा नंबर फिरवला,
आधी दोन लावून.