पाठीवरची माती

मी सामना कधी पाहिला नाही.
शनिवारी चारला शिट्टी वाजायची तेव्हा
माझे हात साबणाच्या पाण्यात.
पुलापलीकडून, कुडचड्याहून, आवाज यायचा.
आपल्यावर झालेला गोल वेगळा ऐकू येतो:
काहीच ऐकू येत नाही.

खाण चालू होती तेव्हा संघ खाणमालकाचा,
पगार एक तारखेला, बूट पोर्तुगालचे.
खाण बंद झाली, ट्रक अंगणांत गंजले,
मग सत्तर जणांनी मिळून तो घेतला:
दोन बारवाले, पदेर, दातांचा डॉक्टर,
फार्मसीतली बेनेदिता, जिला फुटबॉल आवडतही नाही.
कपडे धुणारी तीच राहिली. मी.

गेल्या मोसमात सोळा सामने, एक बरोबरी,
बाकीचं विचारू नका.
माझ्या वहीत गोल नाहीत, डाग आहेत,
कुठल्या जर्सीला किती साबण लागला ते.
पानामागून पान, माती पाठीवर.
पाठीवर माती म्हणजे पाडला गेला,
किंवा पडून राहिला आभाळ बघत.
पाच नंबर तेवढा स्वच्छ. कप्तान ऑर्लांद.
धावेल तो पडेल ना.

जूनमध्ये नवा प्रशिक्षक आला, बोस्त्यांव कुलासो.
गुडघा जाण्याआधी डावीकडून खेळायचा,
नंतर फोंड्याच्या बसवर कंडक्टर.
लोक म्हणाले, हा आता तिकिटं फाडणार.
त्यानं माझं दार वाजवलं.
‘वही आहे म्हणे तुमच्याकडे.’
म्हटलं, ती साबणाची आहे.
दोन तास बसला. चहा निवला, माशी पडली,
तरी त्यानं तो प्यायला.
जाताना म्हणाला, ‘पाच नंबर शेवटचा कधी मळला?’
मी पानं उलटली.
दोन वर्षांमागचा फेब्रुवारी. डावी बाही.

ऑर्लांदला बाकावर बसवलं. गाव पेटलं.
सत्तरांतल्या तिसांनी पैसे परत मागितले.
पाच नंबर गेला रिवणच्या पुनो वेळीपकडे,
एकोणीस वर्षांचा, खांदे मुलीसारखे,
दोन इंच आत मीच शिवून घेतले.

पुढचे चार सामने हरलोच.
हे आता कुणी सांगत नाही.

पाचव्याचं गाठोडं आलं.
पाण्यात टाकण्याआधी एक जर्सी उजेडात धरली,
मग दुसरी, मग सगळी, दोरीवर, ओळीनं.
पाठी कोऱ्या.
माती छातीवर, कोपरांवर, कॉलरच्या आत.
पदेरानं निकाल सकाळी सांगितला, उंडे मोजता मोजता.
मी म्हटलं, माहीत आहे. एक उंडो कमी दिलास.

मग नाताळापर्यंत हरलो नाही.
नाताळात बाह्यांवर नेवऱ्यांचं तूप.
जानेवारीत दोन महिन्यांचा पगार थकला,
कुणीतरी बाक विकायचं म्हणत होतं,
त्या शनिवारी पाच नंबरवर रक्त.
रक्ताला गरम पाणी चालत नाही,
मीठ आणि गार पाणी, आणि धीर,
हे बोस्त्यांवला मी सांगितलं.
त्यानं ते कागदावर लिहून घेतलं,
कशासाठी कोण जाणे.

शेवटून पहिले होतो, वरून दुसरे झालो.
एका गुणानं करंडक वास्कोला गेला.
तरी रात्री पुलावर फटाके,
आणि बेनेदिता नाचली म्हणे.

शेवटच्या सामन्यात पुनोचा घोटा सुजला
आणि वीस मिनिटांसाठी ऑर्लांद उतरला,
अठरा नंबर घालून.
सोमवारी दुपारी तो स्वतः आला,
दारातच उभा, चप्पल न काढता.
गाठोडं अजून सोडलं नव्हतं.
त्यानं त्यातनं अठरा काढली:
छाती लाल, पाठ लाल,
एका बाहीची शिवण उसवलेली.
‘ही धुवू नका,’ म्हणाला. ‘पैसे देतो.’

म्हटलं, न धुण्याचे मी घेत नाही.
बाहीचे तेवढे पाच रुपये दे.