शिल्लक खिळे

कुताइसीत वीज गेली तेव्हा
ओर्बोचं गुपित फुटून दहाच मिनिटं झाली होती.
पडदा काळा. आमची तोंडंही.
त्सिराने बशीत मेणबत्ती चिकटवली
आणि जे पहिलं वाक्य बोलली ते इथे लिहीत नाही.

ओर्बो म्हणजे खेळातल्या तिसऱ्या खिंडीतला खेचरवाला.
त्याला वळसा घालून गेलात तरी राज्य वाचतं.
त्याच्या वाट्याला सगळी मिळून अकरा वाक्यं,
त्यातलं एक दर भेटीत:
"एखादा खिळा आहे का हो जवळ?"
दिला की खिशात टाकतो. आभार नाहीत, बक्षीस नाही.
खेचराच्या मानेवर थाप मारतो, एवढंच.
आणि आम्ही, चार शहाणीसुरती माणसं,
दोन भाग, नऊ वर्षं,
पडक्या किल्ल्यांतून, मेलेल्या शिपायांच्या बुटांतून
त्याच्यासाठी खिळे उपसत राहिलो.

कशाला हवेत, ते त्याने सांगितलं नाही.
त्सिरा म्हणायची, होडी बांधतोय.
बाद्री म्हणायचा, पूल.
मला वाटायचं, काहीच नाही;
काही माणसं मागतात ती हाक मारल्यासारखी.

आज तिसऱ्या भागात लेखकांनी सांगून टाकलं.
शवपेटी. सात वर्षांची मुलगी. ताप.
मागे व्हायोलिनसुद्धा.

"ठिगळ!" त्सिरा म्हणाली.
"ज्याच्याबद्दल काही सुचत नाही
त्याच्या घरात एक मेलेलं मूल ठेवायचं,
की झाली खोली तयार."

बाद्री उसळला. "म्हणजे दुःख फक्त नायकांनी करायचं?
याने आपला खिंडीत उभा राहून
तुझ्या होडीची वाट बघायची?
मी रडलो. खोटं असतं तर रडलो असतो?"
"कांदा चिरतानाही रडतोस तू."
"कांदा खोटा असतो का?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग बाद्री उठला. आजचा तमादा तोच,
प्याला उचलून बोलायचा मान त्याचा.
गेलेल्यांच्या नावाने
पावाच्या तुकड्यावर वाईन ओतायची वेळ झाली होती.
आजीचं नाव घेतलं. त्सिराच्या मामाचं घेतलं.
मग अडखळला.
जी आज संध्याकाळपर्यंत जन्मलीच नव्हती
तिला गेलेल्यांत धरायचं कसं?
"तिला नावही दिलेलं नाही त्यांनी," त्सिरा म्हणाली,
पण आवाज आता खाली आला होता.

नुक्री इतका वेळ राजमा खात होता.
वडिलांच्या सुतारखान्यात असतो तो:
दारं, खिडक्या, आणि वेळ आली की ते दुसरंही.
"आपण एकूण किती खिळे दिले?"
मी आकडा ठेवते. एकशे चाळीस.
त्याने हात पुसले.
"एवढ्या लहान पेटीला बावीस लागतात.
अगदी धरून चाला, चोवीस. झाकणासकट."

भाव सांगावा तसं सांगितलं त्याने.
एवढी लहान पेटी त्याने कधी केली,
कुणासाठी,
हे आम्ही विचारलं नाही.

"मग?" बाद्री.
"मग काही नाही. एकशे सोळा उरतात."

खाली रिओनी नदी दगडांवरून खडखडत होती.
"म्हणजे लेखकांनी मोजलंच नाही," त्सिरा म्हणाली.
बऱ्याच वेळाने बाद्री:
"किंवा मोजलं."

त्सिरा काही बोलली नाही, पण मेणबत्तीच्या उजेडात
टेबलावर बोटाने एक लांबट आकार काढत राहिली,
दोन्ही टोकांना निमुळता.
बाद्रीने पाव भिजवला, ज्याचा त्याने समजून घ्यावा असा.

पहाटे वीज आली. ते तिघे जिथे होते तिथे झोपलेले.
मी एकटीच खिंडीपर्यंत गेले.
गुपित फुटलं होतं, पेटी पुरली गेली होती,
तरी तो वळला आणि म्हणाला,
"एखादा खिळा आहे का हो जवळ?"

एकशे एक्केचाळीस.
खेचराच्या मानेवर थाप मारली त्याने,
एवढंच.