रवाल

केस मुळासकट उपटायचे असतात,
कातरलेले चालत नाहीत.
आयाळीतले तीस-चाळीस बोटाला गुंडाळायचे, एक हिसका,
आणि घोडी मान वळवून बघते
जशी ओळखीची बाई बघते दुकानात, नाव न आठवून.

पाकिटावर मी लिहिते: ग्लेत्ता, मादी, नऊ वर्षं, रंग—
इथं थोरगिल्स मला अडवतो.
"गेल्या महिन्यात काळी होती,
पुढच्या महिन्यात राखेसारखी होईल. तू काय लिहिणार?"
मी लिहिते: बदलता.
फ्योर्डवरून वारा येतो, पाकीट हातातून सुटू बघतं.

त्याचा प्रश्न एकच.
हिची आई सूला, तिची ती रवाल चाल,
स्वाराच्या कपातली कॉफी हलायची नाही.
बाप कोर्गुर पाचही चालींचा,
उजवे दोन्ही पाय एकदम, मग डावे दोन्ही, बाणासारखा.
खाण तशी माती म्हणावं,
तर ही दुडकत जाते,
टपालाची गाडी खडीवरून जावी तशी.

नऊ आठवड्यांनी कागद घेऊन परत गेले.
गोठ्यात, पालथ्या बादलीवर बसून, सांगितलं:

तेविसाव्या गुणसूत्रावर एक अक्षर आहे.
कोण्या काळी त्याच्या जागी दुसरं पडलं
आणि वाक्य मधेच संपलं,
जिथं क्रियापद यायचं तिथं पूर्णविराम.
छापखान्यात अशा चुका होतात.
त्या अर्ध्या वाक्यावर आपले घोडे
लाव्हावरून, नद्यांमधून,
सुईणींना घेऊन, शवपेट्या घेऊन
न हिंदकळता गेले शेकडो वर्षं.
(हे सांगताना मी दरवेळी अडखळते. माझं शिक्षण उलटं झालंय:
तुटलं ते बिघडलं.)

ग्लेत्ताकडे एक वाक्य तुटलेलं आहे,
एक पुरं.

"म्हणजे हिच्यात काही कमी नाही?"
जास्त आहे. तेच नडतंय.
"आणि ते पुरं कुणाचं?"
आईचं. कोर्गुरकडे द्यायला नव्हतंच.

तो बराच वेळ खराऱ्यातले केस काढत राहिला.
सूला गेली डेन्मार्कला, विमानानं, चांगल्या भावात.
गेलेला घोडा या बेटावर परत येत नाही,
कायदाच आहे, एका रात्रीपुरताही नाही.
"सगळी वर्षं लपवलं तिनं," तो म्हणाला.
लपवलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यानं माझ्या हातातला कप घेतला,
भरलेला, मी प्यायलेच नव्हते,
आणि खोगीर न घालता घोडीवर बसला.
फाटकापर्यंत गेला. वळला.
दुडक, दुडक, दुडक,
सत्तरीचा माणूस, दात आवळलेले.

परत आला तेव्हा बाही कोपरापर्यंत ओली.
"सगळी सांडली," म्हणाला,
मी नोंद करून घ्यावी अशा आवाजात.