शोधकर्त्याचे नाव

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
शमाल सुटला की ट्रकांचे एसी धुळीनं कोंडतात
आणि आमचं पोट चालतं.

वीस वर्षं मी डुप्लिकेट विकलं.
नावातलं एक अक्षर फिरवलं की माल आपला.
गिऱ्हाईक विचारायचं, ओरिजिनल का?
मी म्हणायचो, गार करतंय ना?

मग एका ऑगस्टात मला सुचलं,
जाळी सरळ लावायचीच कशाला!
पत्र्याला सात घड्या, कडेला उतार,
पंख्याच्याच हादऱ्यानं ती आपली आपण पाखडेल.
हवा आत, रेती भुईवर.
पहिला नग हातानं वाकवला. अंगठ्याची साल गेली.

अकराव्या दिवशी समोरच्या गाळ्यात
इफ्तिकार सियालकोटीकडे तीच जाळी टांगलेली,
पाच दिरहम स्वस्त.
शिव्या तोंडात जमवत मी रस्ता ओलांडला.
तो म्हणाला, बस, चहा घे.
आणि सांग, तुझ्या पाटीवरचा जपानी शब्द
कोकणातल्या कुठल्या गावचा?

चहा पिता पिता दिसलं,
त्यानं खालच्या कोपऱ्यात भोक ठेवलं होतं,
दमट हवेतलं पाणी निथळायला.
हे मला सुचलं नव्हतं.
महिन्याभरात माझ्या जाळीलाही भोक.
मी बिजागरी लावली, त्यानं ती उचलली
आणि वर दोन स्क्रू वाचवले.
चाळिसाची जाळी बावीसवर आली.
खोरफक्कानचे मासळीवाले ट्रक दारात.
रात्री हिशेबाला बसलो की त्याला शाप द्यायचो,
सकाळी शटर उचलताना आधी बघायचो
आज त्यानं काय टांगलंय.

मार्चमध्ये नोटीस आली. दोघांनाही.
कुठलीशी कंपनी. चित्रात सात घड्या,
कोपऱ्यात भोक, बिजागरी,
स्क्रूसुद्धा इफ्तिकारनं ठेवले तेवढेच.
वर नंबर पडलेला.

टायपिंग सेंटरवाल्या शाजीनं अर्ज उघडला.
आक्षेप घ्यायचा तर हा रकाना भरा :
मूळ शोधकर्त्याचे नाव.

इफ्तिकारनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.
आणि मधेच आठवली देवरुखच्या बाजारातली सोनी बुरडीण,
गुडघ्यात सूप धरून पात्या तिरप्या बसवणारी.
शेजारी तिची जाऊ, तस्संच सूप,
चार आणे कमी.
दिवसभर एकमेकींची गिऱ्हाइकं ओढायच्या,
दुपारी एकाच फडक्यातली भाकरी खायच्या.
आमच्या आईनं दोघींकडून घेतलं, आलटून पालटून.

नुसतं सोनी चालणार नाही, शाजी म्हणाला, आडनाव लागेल.
ते मी कधी विचारलं नव्हतं.

पाचला बंद करतो मी, शाजी म्हणाला.
इफ्तिकारनं खिशातून चष्मा काढला, पुसला.
म्हणाला, तू लिही काय ते.
एक कॉपी मला दे.